गर्भीय मद्यजन्य विकार आणि तरुणवय

गर्भवती स्त्रीने मद्यपान केल्यास मद्यार्क (एथिल अल्कोहॉल) वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतो आणि थोड्याच वेळात तेथील त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळपास येते. गर्भाच्या अपक्व यकृताला त्याचे विघटन करणे फारसे साधत नाही. परिणामी वाढीच्या अवस्थेतील ऊतकांना, विशेषतः मेंदूला, कायमची इजा पोहोचते. या इजेतून उद्‌भवणाऱ्या सर्व लहानमोठ्या विकारांना मिळून ‘गर्भीय मद्यजन्य विकारसमूह’ असे म्हणतात. त्यांतील सर्वांत ठळक आणि सर्वांत आधी ओळखले गेलेले रूप म्हणजे ‘गर्भीय मद्यसंलक्षण’ होय. हा विकार जन्मापूर्वी जडतो व आयुष्यभर टिकतो. तथापि वैद्यकाने प्रदीर्घ काळ त्याचे वर्णन बालकांचा विकार म्हणूनच केले. ही बालके मोठी झाल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न विचारला जाण्यास विलंब लागला आणि त्या विलंबाची किंमत अनेक तरुणांना मोजावी लागली.

मातेच्या मद्यपानाचा अपत्यावर परिणाम होतो, ही शंका जुनी आहे. लंडनमध्ये स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला असताना १७२६ मध्ये तेथील वैद्यकमंडळाने पार्लमेंटकडे केलेल्या अर्जात दुबळ्या व रोगट संततीचा उल्लेख आढळतो. मात्र त्या वैद्यांच्या मनात गर्भावस्थेतील इजा होती की व्यसनी घरातील आबाळ होती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. अधिक भक्कम पुरावा १८९९ मध्ये विल्यम सलिव्हन या लिव्हरपूलच्या तुरुंगातील वैद्याने दिला. मद्यासक्त अशा १२० स्त्रियांच्या ६०० अपत्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली, असे त्याला आढळले. त्याच स्त्रियांच्या मद्य न घेणाऱ्या आप्त स्त्रियांच्या अपत्यांत हे प्रमाण एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. त्याची दुसरी नोंद अधिक बोलकी आहे : गरोदरपणी तुरुंगवास घडल्यामुळे ज्यांना मद्य मिळाले नाही, अशा काही स्त्रियांना आधीची अपत्ये गमावल्यावरही निरोगी मूल झाले. सलिव्हनचे हे निष्कर्ष पुढे मागे पडले. १९१० मध्ये लंडनच्या सुप्रजननशास्त्रीय प्रयोगशाळेतील कार्ल पिअर्सन व एथेल एल्डर्टन यांनी मातापित्यांच्या मद्यपानाचा संततीच्या शरीराशी व बुद्धीशी संबंध दिसत नाही, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये संपल्यावर तर हा विषय मद्यविरोधी प्रचारकांचा मानला जाऊन शास्त्रीय वर्तुळात त्याची उपेक्षा झाली. ही उपेक्षा इतकी पूर्ण होती, की १९६० नंतरच्या दशकात अकाली प्रसूतिवेदना थांबविण्यासाठी गरोदर स्त्रियांच्या शिरेतून मद्यार्क देण्याचा उपचार अमेरिकेत रूढ झाला होता.

१९६८ मध्ये फ्रान्समधील नँट येथील बालरोगतज्ञ पॉल लेमोइन व त्यांचे सहकारी यांनी मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलांचे चेहरे परस्परांशी इतके मिळतेजुळते होते, की चेहऱ्यावरून मातेच्या व्यसनाचा अंदाज बांधता येई. तथापि हा लेख फ्रेंच भाषेतील एका प्रादेशिक नियतकालिकात आल्यामुळे बाहेर फारसा वाचला गेला नाही. १९७३ मध्ये सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केनेथ जोन्स, डेव्हिड स्मिथ, क्रिस्टी उलेलँड व ॲन स्ट्राइसगूथ यांनी द लॅन्सेटमध्ये आठ मुलांची माहिती दिली. त्याच वर्षी जोन्स व स्मिथ यांनी या स्थितीला ‘गर्भीय मद्यसंलक्षण’ हे नाव दिले. आखूड नेत्रच्छिद्रे, नाक व वरचा ओठ यांमधील सपाट झालेली खाच, पातळ वरचा ओठ, खुंटलेली वाढ आणि लहान डोके ही त्याची लक्षणे ठरली.

निदान चेहऱ्यावर आधारलेले असणे ही सोय होती, तशीच ती अडचणही ठरली. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की चेहऱ्यावरील ही वैशिष्ट्ये गर्भवाढीच्या अगदी थोड्या अवधीत, मानवी गर्भाच्या सु. तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या काळात, मद्यार्क पोहोचल्याने निर्माण होतात. मेंदूची वाढ मात्र नऊही महिने चालू असते. म्हणजे पुढील महिन्यांत मद्यपान झाल्यास मेंदूला इजा होऊनही चेहरा सर्वसाधारण राहू शकतो. अशी माणसे दीर्घकाळ निदानाच्या कक्षेबाहेरच राहिली.

स्ट्राइसगूथ या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि सिअ‍ॅटलमधील मुलांचा मागोवा त्यांनी सोडला नाही. तरुणांविषयीचे आजचे बहुतेक ज्ञान या चिकाटीतून आलेले आहे. १९९१ मध्ये त्यांच्या गटाने ६१ किशोर व प्रौढ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. वयात आल्यावर चेहऱ्याची खूण पुसट होत होती. बुद्धिगुणांक सरासरी ६८ होता. या व्यक्तींचे सरासरी वय १७ होते. परंतु दैनंदिन व्यवहार सांभाळण्याची त्यांची क्षमता सात वर्षांच्या मुलाइतकी होती. १९९६ च्या अहवालात ४७३ व्यक्तींचे बुद्धिगुणांक आहेत. संपूर्ण संलक्षण असलेल्यांची सरासरी ७९, तर अपूर्ण लक्षणे असलेल्यांची ९० होती. बुद्धिमांद्याची रूढ मर्यादा ७० ही असल्याने यांतील बहुसंख्य लोक मदतीस अपात्र ठरत.

बुद्धिगुणांक व जीवनव्यवहार यांतील ही तफावत या विकाराचे मर्म होय. योजना आखणे, परिणामांचा अंदाज घेणे, आवेग आवरणे आणि एका प्रसंगातील अनुभव दुसऱ्या प्रसंगी वापरणे या गोष्टी मेंदूच्या ललाटखंडावर व त्याच्याशी निगडित मार्गांवर अवलंबून असतात आणि नेमकी तेथेच इजा झालेली असते. असा तरुण बोलका, मनमिळाऊ व तरतरीत दिसतो. काल समजावलेली गोष्ट तो अचूक म्हणून दाखवितो आणि आज ती त्याला आठवत नाही. महिन्याचा पगार दोन दिवसांत संपतो, घड्याळ वाचता येते पण अर्धा तास म्हणजे किती याची जाणीव नसते, ओळख झालेला प्रत्येक माणूस मित्र वाटतो. स्मृतीतील पोकळी तो कल्पनेने भरून काढतो आणि ऐकणाऱ्यास ते खोटे बोलणे वाटते. मालक त्याला आळशी म्हणतो, शिक्षक हट्टी म्हणतो. न जमणे आणि न करणे यांतील भेद बाहेरून दिसत नाही.

स्ट्राइसगूथ यांच्या गटाने ४१५ व्यक्तींविषयी २००४ मध्ये जे आकडे दिले, ते याचाच परिपाक आहेत. किशोर व प्रौढ यांपैकी सु. ६० टक्क्यांचे शिक्षण खंडित झाले होते, तितकेच कायद्याच्या कचाट्यात सापडले होते आणि निम्मे कधी ना कधी तुरुंगात, रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात बंदिस्त राहिले होते. ज्यांचे निदान लहानपणी झाले व ज्यांना स्थिर घर लाभले, त्यांची या आपत्तींतून सुटण्याची शक्यता दुपटीपासून चौपटीपर्यंत अधिक होती. लक्षणे ठळक असणेही फायद्याचे ठरले होते, कारण ठळक लक्षणे लवकर ओळखली जातात. सौम्य दिसणारा विकार सौम्य नसतो, हा निष्कर्ष अनेक वैद्यांनाही अनपेक्षित होता.

न्यायालयात याची प्रचीती देणारे प्रकरण न्यूझीलंडमधील आहे. ऑक्लंडमध्ये १९९२ साली झालेल्या एका स्त्रीच्या बलात्कार व हत्येसंबंधी १९९३ मध्ये टीना पोरा या १७ वर्षांच्या माओरी तरुणाची चार दिवस चौकशी झाली. माहिती देणाऱ्यास बक्षीस जाहीर झालेले होते. पोराने गुन्ह्याच्या वेळी आपण हजर असल्याचे सांगितले. परंतु त्याला ते घर दाखविता आले नाही आणि मृत स्त्रीचे वर्णनही चुकले. तरीही १९९४ मध्ये तो दोषी ठरला. पुढे घटनास्थळीच्या पुराव्यावरून मॅल्कम रीवा या दुसऱ्याच माणसाला बलात्काराबद्दल १९९८ मध्ये शिक्षा झाली. पोराचा खटला पुन्हा चालला आणि २००० मध्ये तो पुन्हा दोषी ठरला. ज्युरींना वाटे, निरपराध माणूस असा कबुलीजबाब का देईल ? तज्ञांनी पोराला गर्भीय मद्यजन्य विकार असल्याचे दाखविल्यावर त्याचे उत्तर मिळाले. लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलने (भारतातील अपिलेही १९४९ पर्यंत याच न्यायमंडळापुढे जात) ३ मार्च २०१५ रोजी त्याची शिक्षा रद्द केली. तोवर त्याची सु. वीस वर्षे कारागृहात गेली होती. २०१६ मध्ये त्याला शासनाने पंचवीस लाख न्यूझीलंड डॉलरांहून अधिक भरपाई दिली व २०१९ मध्ये रीवा हत्येबद्दलही दोषी ठरला. हा अपवाद समजणे धाडसाचे होईल. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका बालबंदिगृहात तपासलेल्या ९९ मुलांपैकी ३६ जणांना हा विकार असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील बहुतेकांचे निदान त्यापूर्वी झालेलेच नव्हते.

या विषयाची सामाजिक बाजूही गुंतागुंतीची आहे. अमेरिकी लेखक मायकेल डॉरिस यांनी आपल्या दत्तक मुलावर लिहिलेल्या द ब्रोकन कॉर्ड (१९८९) या पुस्तकामुळे हा विकार घरोघरी माहीत झाला. पुस्तकात ‘ॲडम’ असे नाव घेतलेल्या या मुलाने स्वतःचे आयुष्य सांगणारे एक प्रकरण शेवटी जोडले आहे; रुग्णाने स्वतः बोलण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होय. हा तरुण १९९१ मध्ये मोटारीच्या अपघातात मरण पावला. मात्र या पुस्तकाने आदिवासी मातांवर दोषारोपाचा रोख वळविला, ही टीका रास्त आहे. हा विकार कोणत्याही वंशाचा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप भागात तो फार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यामागे द्राक्षमळ्यांतील मजुरांना वेतनाचा भाग म्हणून वाइन देण्याची ‘डॉप’ ही जुनी पद्धत आहे. अमेरिकेतील चार समाजांत पहिलीच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा (२०१८) हे प्रमाण शेकडा १·१ ते ५ असे निघाले. भारतात अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही.

उपचाराने मेंदूची इजा भरून येत नाही. तरुणांच्या बाबतीत उपयोगी पडते ते परिस्थितीत केलेले बदल : एका वेळी एकच सूचना, तीही लेखी किंवा चित्रांत, ठरलेली दिनचर्या, पैशाचा व्यवहार पाहणारी विश्वासू व्यक्ती, गोंगाट कमी असलेले काम. अशा सोबत्याला या क्षेत्रात ‘बाह्य मेंदू’ म्हणतात. अनेक देशांत बालकांसाठीच्या सेवा अठराव्या वर्षी थांबतात, म्हणजे गरज सर्वांत वाढते तेव्हाच. २०१० नंतरच्या दशकात कॅनडा व अमेरिकेतील काही प्रौढांनी परिषदांमधून स्वतः व्याख्याने देण्यास व आपल्यासारख्यांच्या शारीरिक व्याधींची पाहणी करण्यास सुरुवात केली. सांधे, पचनसंस्था व झोप यांविषयीच्या त्यांच्या तक्रारी तोवर कोणी एकत्र मांडल्या नव्हत्या.