भायखळ्याची एक वास्तू आणि पदवीचे बदलते मोल

भायखळ्याला राणीच्या बागेसमोर रेल्वेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक रुग्णालय आहे. त्याच्या जुन्या गॉथिक शैलीच्या इमारतीत रुग्णालयापूर्वी दोन विद्यालये नांदून गेली. महाविद्यालयीन शिक्षणाचे मोल कसे बदलत गेले, हे या एकाच वास्तूच्या इतिहासात वाचता येते.

१८७१ मध्ये येथे एल्फिन्स्टन महाविद्यालय आले. इमारतीसाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दान दिले होते, आणि आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा होता. (बाबासाहेबही एल्फिन्स्टनचेच पदवीधर, १९१२ चे, पण तोवर महाविद्यालय काळा घोडा येथे गेले होते. रुग्णालयाच्या नावावरून ते या वास्तूत शिकले असे समजणे चूक ठरेल.)

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते, म्हणजे स्वतः काहीच शिकवत नव्हते. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम. शिक्षण एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे, ही फारकत ऑनलाइन युगाने आणलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा जन्मच तिच्यातून झाला.

फरक एवढाच, की लंडनने १८५८ पासून महाविद्यालयात न जाणाऱ्यांनाही परीक्षेची दारे उघडली. मुंबईत मात्र ‘टर्म भरणे’ आवश्यक राहिले. पदवी हवी तर वर्गात बसायला हवे, आणि वर्गात बसायचे तर तितकी वर्षे कोणीतरी आपले पोट भरायला हवे.

भायखळ्याच्या वर्गांत बसलेल्या एका विद्यार्थ्याचा हिशेब उपलब्ध आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ मध्ये वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत राहिले. कोल्हापूर आणि पुणे करून गोपाळराव एल्फिन्स्टनमध्ये आले. तेथे त्यांना महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे गोविंदरावांच्या पगारापेक्षाही अधिक! कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि गणिताचे प्राध्यापक हॅथॉर्नथ्वेट यांच्यासारखे गुरू लाभले. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून रुजू झाले.

एका भावाचे १५ आणि दुसऱ्याचे ३५. पदवीची किंमत इतक्या थेट आकड्यांत क्वचितच दिसते. तिचे मूल्य ज्याने चुकते केले, त्याच्या नावापुढे मात्र बी. ए. लागले नाही. पुढे गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. त्या आग्रहाची मुळे शोधताना गोविंदरावांचे ८ रुपये विसरता येत नाहीत.

एव्हाना भायखळा, लालबाग, परळ हा गिरण्यांचा मुलूख झाला होता. गिरण्यांना इंग्रजी काव्य जाणणाऱ्या पदवीधरांचा उपयोग नव्हता. साचे आणि इंजिने समजणारी माणसे हवी होती, आणि ती बहुधा लँकेशायरहून आणली जात. हीच उणीव भरून काढण्यासाठी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानाचा तिला मोठा आधार मिळाला. एल्फिन्स्टनने सोडलेली ही वास्तू तिच्याकडे आली. ज्या इमारतीत बी. ए. घडत, तेथे यंत्रकाम आणि कापडनिर्मिती शिकवली जाऊ लागली. पदवीपेक्षा कौशल्य मोलाचे की नाही, हा आजच्या समाजमाध्यमांवरचा वाद भायखळ्याने एकोणिसाव्या शतकातच पाहिला! १९२३ मध्ये संस्था माटुंग्याला गेली. आजची ‘वीरमाता जिजाबाई’, अर्थात व्हीजेटीआय, ती हीच.

तरीही दिवसा राबणाऱ्याचा प्रश्न तसाच होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरदारांसाठी वर्ग सकाळी ठेवले. महाविद्यालयाने वेळ बदलली, तर गोविंदरावांसारख्याला नोकरी आणि शिक्षण यांतले एक सोडावे लागत नाही. वरकरणी वेळापत्रकातला एवढासा बदल. पण त्याचे श्रेय द्यावे तितके दिले जात नाही.

पुढचे पाऊल जागेचे. १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. तेच पुढे ‘आयडॉल’ म्हणून ओळखले गेले. धडे टपालाने घरी येऊ लागले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तर २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ आले. लंडनने १८५८ मध्ये उघडलेले दार मुंबईत उघडायला शतकाहून अधिक काळ लागला होता.

दार उघडले तरी प्रतिष्ठेची उतरंड राहिली. ‘बाहेरून बी. ए.’ या शब्दप्रयोगातच किंचित उणेपणा ऐकू येई. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष आहेत. कागदोपत्री वाद मिटला.

मात्र त्याआधी, २०२० च्या टाळेबंदीत, सारे शिक्षण एकाएकी घरात आले होते. भायखळा-लालबागच्या चाळींतील दहा बाय बाराच्या खोलीत भावंडांचे तास एकाच वेळी भरत. फोन एक असेल, तर कोणाचा तास आधी, हे घरातल्यांनाच ठरवावे लागे.