दवणा

दवणा : सूर्यफूल कुलातील सुगंधी, वर्षायू वनस्पती. संस्कृत नाव दमनक, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. उंची साधारण ४० ते ६० सेंमी. पाने बारीक चिरलेली आणि लवेमुळे करडी दिसणारी. फुले पिवळी आणि इतकी चिमुकली, की झाड फुलल्याचे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. वास मात्र लांबूनच कळतो.

महाराष्ट्रात दवण्याला देवघरात मान आहे. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. चैत्र शुद्ध चतुर्दशीला तो शंकराला वाहतात. ही तिथी दमनक चतुर्दशी म्हणूनच ओळखली जाते. या प्रथेचा मेळ पिकाच्या वेळापत्रकाशी अचूक बसतो. पाऊस सरल्यावर पेरलेला दवणा थंडी खाऊन चार महिन्यांत फुलावर येतो, म्हणजे फाल्गुन-चैत्र उजाडलेलाच असतो. दक्षिणेत, मुख्यतः कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात, तो तेलासाठी लावतात. दवॅनोन हा या तेलाचा प्रमुख घटक. अत्तरांच्या धंद्यात त्याला मागणी असते.

कुंडीत दवणा फसतो तो बहुधा चुकीच्या हंगामामुळे. जूनमध्ये पेरलेली रोपे पावसात कुजतात. पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात करावी. बी ताजेच हवे. जुन्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या पुडीवर भिस्त ठेवू नये. बी धुळीसारखे बारीक असते. ते फडक्यात बांधून दोन दिवस ओलसर ठेवावे, मोड दिसू लागले की कोरड्या वाळूत मिसळून पसरट कुंडीत विखरावे आणि वरून वाळूचा अगदी पातळ थर द्यावा. पाणी बारीक झारीनेच, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहून जाते.

सहाएक आठवड्यांनी रोपे हलवता येतात. मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळलेले असावे, कुंडीच्या तळाला भोक मोकळे असावे आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळावे. बोटाला वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. रोप बुंध्याशी काळे पडून कोलमडले, तर दोष जवळजवळ नेहमीच जास्त पाण्याचा. शेंडे एकदा खुडले की झाड फुटवे धरते. मावा दिसल्यास सौम्य साबणाचे पाणी फवारावे. देशावरची कोरडी थंडी दवण्याला मानवते, कोकणच्या दमट हवेत तो जपावा लागतो.

फुले उमलू लागली की वास ऐन भरात असतो; कापणी तेव्हाच करावी. जुडी सावलीत उलटी टांगून वाळवली तर वास पुष्कळ दिवस टिकतो. एक-दोन झाडे बियांसाठी राखावीत. बी धरल्यावर झाड वाळते. हा रोग नव्हे, त्याचे आयुष्यच तेवढे.

याच प्रजातीतील नागदवणा ही बहुवर्षायू वनस्पती सह्याद्रीच्या डोंगराळ भागात रानटी वाढते. ती माणसाएवढी उंच होते आणि जमिनीखालून पसरून वाफा बळकावते, म्हणून घरी लावायची तर स्वतंत्र कुंडीतच. ॲबसिंथ या युरोपीय मद्यातील कडवटपणा ज्या आर्टेमिसिया ॲबसिंथियमचा, ती थंड हवेची जात आहे. मैदानी उन्हाळ्यात ती क्वचितच तग धरते. आर्टेमिसिया ॲन्युआ या चिनी जातीपासून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळते. त्याच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परसातील पाल्याचा काढा मात्र त्या औषधाची जागा घेऊ शकत नाही.

दवण्याच्या कुळातील वनस्पतींच्या परागांनी काहींना शिंका आणि त्वचेला खाज येते. अशांनी फुलण्याआधीच कापणी उरकावी. गर्भवतींनी या वनस्पतींचे अर्क किंवा तेल पोटात घेऊ नये.