इंजिन तापमानदर्शक

इंजिन तापमानदर्शक हे मोटारीच्या डॅशबोर्डवरील उपकरण असून ते इंजिनातील शीतनद्रवाचे (कूलंटचे) तापमान दर्शवते. बोलीभाषेत याला 'टेंपरेचरचा काटा' म्हणतात. हा काटा बाहेरील हवेचे तापमान दाखवत नाही.

रचना व कार्य

शीतनद्रवात बसवलेल्या सेन्सरचा विद्युत रोध तापमान वाढताच कमी होतो व त्यानुसार काटा सरकतो. थर्मोस्टॅट ही झडप सुमारे ८२° ते ९०° से. तापमानाला उघडू लागते आणि द्रव रेडिएटरकडे जातो. बहुतेक मोटारींत ८५° ते १०५° से. हे तापमान सामान्य मानले जाते. अनेक मोटारींत या मर्यादेत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. त्यामुळे तो मध्याच्या वर सरकू लागला की दुर्लक्ष करू नये. काही लहान मोटारींत काट्याऐवजी थंड इंजिनासाठी निळा आणि अतितप्त इंजिनासाठी लाल दिवा असतो.

हवामानानुसार वाचन

हिवाळा : पुण्यात हिवाळ्यातील पहाटे काटा मध्यावर येण्यास काही मिनिटे अधिक लागतात. बराच वेळ गाडी चालवूनही तो खालीच राहिल्यास थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची शक्यता असते. अशा वेळी इंधन अधिक खर्च होते.

उन्हाळा : एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से.च्या आसपास असताना विश्रांतवाडीच्या आळंदी रस्त्यावरील संथ वाहतुकीत रेडिएटरला वेगाचा वारा मिळत नाही. सारा भार विजेच्या पंख्यावर पडतो. वातानुकूलन यंत्रणेची उष्णताही त्यात मिसळते. थांबल्यावर काटा चढणे व वेग घेताच उतरणे हे पंख्यातील बिघाडाचे लक्षण असू शकते. खंबाटकी वा दिवे घाटाच्या चढणीवर इंजिनावरील भारामुळे तापमान वाढते.

पावसाळा : हवा थंड असली तरी रेडिएटरच्या जाळीत चिखल अडकल्यास काटा चढू शकतो.

धोक्याची स्थिती

काटा लाल पट्ट्याजवळ गेल्यास वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. तसेच चालवत राहिल्यास हेड गॅस्केट फुटणे, सिलिंडर हेड वाकणे किंवा इंजिन जाम होणे संभवते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात उघड्या भांड्यातील पाणी साधारण ९८° से.ला उकळते. बंद शीतन यंत्रणेत दाबामुळे द्रव त्याहून बराच तापूनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडल्यास दाब एकदम उतरतो, द्रव उकळून उसळतो आणि गंभीर भाजते. म्हणून इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकण उघडू नये.

मर्यादा

द्रव गळून सेन्सर कोरडा पडल्यास इंजिन तापलेले असूनही काटा खाली राहू शकतो. सेन्सरची तार तुटल्यासही अनेक मोटारींत असेच घडते. त्यामुळे थंड इंजिनावर टाकीतील द्रवाची पातळी नियमित तपासणे आवश्यक ठरते.