हें कोणीं शिजविलें?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



मागल्या महिन्यांत माझ्या नातीनें मला शहरांतील एका नव्या उपाहारगृहांत नेलें. तेथील सारे पदार्थ शाम देशाचे. शिजविलेले हरभरे वाटून त्यांत तिळाचें वाटण व लिंबाचा रस घालून केलेला हुम्मुस. तळलेल्या वड्यांसारखा फलाफल. कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पाल्याची व भरडलेल्या गव्हाची तब्बूले नांवाची कोशिंबीर. आणि या सर्वांबरोबर फुगून पोकळ झालेली रोटी. जेवण मला आवडलें. पुढच्या रविवारीं पाऊस होता, म्हणून तिनें तेंच जेवण घरीं मागविलें. पाऊण तासानें एक तरुण भिजत दारांत उभा राहिला आणि कागदी डबे हातीं देऊन निघून गेला.

डबे उघडीत असतां मला माझ्या आजीचा प्रश्न आठवला. बाहेरून कोणीं कांहीं खाण्याचें आणलें, कीं ती ओटीवरूनच विचारी, "हें कोणीं शिजविलें?" उत्तर मनासारखें नसेल तर तें अन्न उंबरठ्याच्या आंत येत नसे. पदार्थ स्वच्छ आहे किंवा नाहीं, असा त्या प्रश्नाचा अर्थ नव्हता. शिजविणाराची जात कोणती, एवढेंच तिला जाणावयाचें असे. आजी मायाळू होती; पण तिला तो प्रश्न वडिलोपार्जित मिळाला होता, आणि तिनें तो तसाच आमच्या हवालीं केला.

हाच प्रश्न शाम आणि इजिप्त या देशांतील नगरांनीं सात-आठशें वर्षांपूर्वीं निराळ्या रीतीनें विचारला. त्यामुळें बाहेर शिजलेलें अन्न घरीं आणून जेवणें ही त्यांच्याकडे चैन न राहतां नागरी जीवनाची एक व्यवस्था झाली. आज तीच हकीकत आपल्यापुढें मांडावी असा माझा विचार आहे.

शाम म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतचा मुलूख. आजचे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन व इस्रायल हे प्रदेश त्यांत येतात. युरोपीय लोक या मुलखाला 'लेव्हंट', म्हणजे सूर्य उगवतो ती दिशा, असें म्हणत आले. इ. स. १२६० पासून १५१६ पर्यंत शामचा बहुतेक भाग आणि इजिप्त हे दोन्ही कैरोच्या मम्लूक सुलतानांच्या अमलाखालीं होते. त्यामुळें दमास्कसचा बाजार आणि कैरोचा बाजार यांच्या रीतीभातींत पुष्कळ साम्य असे. वाटलेल्या हरभऱ्यांत तीळ व आंबट घालण्याची कृति त्या काळच्या पाकग्रंथांत सांपडते. म्हणजे माझ्या नातीचा नवा पदार्थ निदान सहाशें वर्षांचा जुना आहे.

इ. स. १३८४ मध्यें लिओनार्दो फ्रेस्कोबाल्दी नांवाचा फ्लॉरेन्सचा एक यात्रेकरू जेरुसलेमच्या वाटेवर कैरोस उतरला. रस्त्यांत रात्रंदिवस तांब्याच्या मोठमोठ्या हंड्यांत मांस शिजत असलेलें पाहून त्याला अचंबा वाटला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, येथील नागरिक, मग तो कितीहि श्रीमंत असो, घरीं स्वयंपाक करीत नाहीं. बाजारांतून शिजलेलें अन्न मागवितो. आणि पुष्कळदां लोक रस्त्यांतच कातडें अंथरून जेवावयास बसतात. घरीं मागविणें आणि बाहेर बसून खाणें, हे आजचे दोन्ही प्रकार या एकाच टिपणांत आले आहेत.

परदेशी प्रवाशाच्या बोलण्यांत थोडी अतिशयोक्ति असावयाचीच. अमीर-उमरावांच्या वाड्यांतून मुदपाकखाने होते, आणि पाकग्रंथ लिहिले गेले ते त्यांच्याचसाठीं. पण सामान्य माणसाची गोष्ट खरी होती. इजिप्तमध्यें रान नाहीं, तेव्हां सर्पण महाग. नगरांत बहुमजली इमारतींतून माणसें दाटीनें राहत. तेथें प्रत्येक बिऱ्हाडाला चूल परवडणारी नव्हती, आणि आगीचें भय वेगळेंच. शंभर चुली पेटविण्यापेक्षां एक हंडा पेटविणें स्वस्त पडे. अर्थशास्त्राचें पुस्तक न वाचतां लोकांस उमगलेलें हें अर्थशास्त्र होय.

परंतु स्वस्ताई पुरेशी नसते. न पाहिलेल्या हातांनीं शिजविलेलें अन्न आपल्या मुलांच्या तोंडीं घालावयाचें, तर मनाला भरंवसा हवा. तो भरंवसा देण्यासाठीं तेथें मुहतसिब नांवाचा अधिकारी असे. वजनें-मापें, भेसळ व बाजारांतील एकंदर वर्तन यांवर त्याची देखरेख असे. आपल्या पेशवाईंतील पुण्याचा कोतवाल बाजारभाव व वजनें पाही, त्याच्याशीं मुहतसिबाचें काम कांहीं अंशीं जुळतें. उत्तर सीरियांतील शैझर या गांवच्या नांवावरून ओळखला जाणारा अश्-शैझरी म्हणून एक लेखक बाराव्या शतकांत होऊन गेला. त्यानें मुहतसिबासाठीं एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, आणि त्यांत भटारी, आचारी, मांस भाजणारे, मिठाई तळणारे अशा एकेका धंद्याचे नियम दिले.

त्यांतले कांहीं ऐका. कणीक तिंबणारानें पायांनीं, गुडघ्यांनीं वा कोपरांनीं तिंबूं नये. तोंडावर फडकें बांधावें, कारण बोलतांना किंवा शिंकतांना थुंकी उडते. कपाळाला पांढरी पट्टी बांधावी, म्हणजे घाम कणकींत पडणार नाहीं. हातांवरचे केस काढलेले असावे. दिवसां तिंबणें चाललें असतां माश्या वारण्यास एक माणूस उभा करावा. सबंध मेंढरूं भट्टींत घालण्यापूर्वीं तोलून त्याचें वजन वहींत मांडावें, व भाजून निघाल्यावर पुन्हां तोलावें. तिसरा हिस्सा वजन घटलें असेल तर तें शिजलें, नाहीं तर परत भट्टींत. गहूं आणि मांस एकत्र घोटून केलेला हरीसा तेथें फार खपे; हैदराबादेच्या हलीमचा तो पूर्वज. रात्रीं त्याचा हंडा चढला, कीं त्यावर मुहतसिबाची मोहर करावी आणि पहांटे ती देखरेखीखालींच फोडावी, म्हणजे मधल्या वेळांत कोणी मांस काढून घेणार नाहीं.

आणखी एक नियम असा कीं, भाजलेलें मांस भट्टींतून निघतांच गरमागरम असतांना झांकून कोंडूं नये. तसें केल्यास तें विषासमान होतें, असें वैद्यांचें मत. आमच्याकडे आलेल्या डब्याच्या झांकणाला वाफ जाण्यासाठीं दोन भोंकें पाडलेलीं होतीं. तीं पाहून मला शैझरीची आठवण झाली.

इतके नियम केले, याचा अर्थ इतक्या लबाड्याहि चालत होत्या, हें उघड आहे. नियमांवरून सगळे आचारी साधु होते असें कोणी अनुमान काढूं नये. पण नियमांचा रोख पाहावा. शिजविणाराचे हात कसे आहेत, वजन किती भरलें, भांडें झांकलेलें आहे कीं नाहीं, असे ते प्रश्न आहेत. यांतील प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणासहि तपासून पाहतां येते, आणि ती चुकली असल्यास सुधारतां येते. माझ्या आजीच्या प्रश्नाचें उत्तर मात्र शिजविणाराच्या जन्माबरोबरच ठरून गेलेलें असे; त्यानें कितीहि हात धुतले तरी तें बदलण्यासारखें नव्हतें.

घर आणि बाजार यांमध्यें शाम देशांत आणखीहि एक दुवा होता. तो म्हणजे मोहल्ल्याची सामाईक भट्टी. तिला तेथें 'फुर्न' म्हणतात. बायका घरीं कणीक मळीत आणि भाजण्यासाठीं भट्टीवर पाठवीत. अशा भट्टींतच भाजून निघणारी, वर रानांतील सुवासिक पाला व तेल पसरलेली मनूशे नांवाची रोटी हा लेबनॉनच्या लोकांचा सकाळचा आहार. इ. स. २०२३ मध्यें युनेस्कोनें मनूशेच्या परंपरेची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. आपल्याकडे दिवाळींत नानकटाईचें पीठ घेऊन बेकरीच्या दारांत रांगेनें उभ्या राहिलेल्या बायका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत परकी वाटूं नये.

ज्यांच्याजवळ विकत घेण्यास पैसा नव्हता त्यांचें काय, असें आपण विचाराल. जेरुसलेमचा रहिवासी भूगोलकार अल्-मुकद्दसी यानें दहाव्या शतकांत हेब्रन येथील एका अतिथिगृहाचें वर्णन केलें आहे. तेथें आचारी, भटारी व नोकर कायमचे नेमलेले असत. येईल त्या गरिबाला मसुरा आणि ऑलिव्हचें तेल मिळे; आणि श्रीमंताची इच्छा असेल तर त्यालाहि तेंच वाढीत. पुढें इ. स. १५५२ मध्यें तुर्की सुलतान सुलेमान याची राणी हुर्रेम हिनें जेरुसलेमांत मोठें अन्नछत्र स्थापिलें. तें राज्यें बदललीं तरी शतकानुशतकें चालत आलें आहे.

आतां एका प्रवाशाच्या दोन आठवणी सांगतों. इब्न बतूता इ. स. १३२६ मध्यें दमास्कसला गेला. तेथें एका गल्लींत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीचें ताट पडून फुटलें. पोर घाबरलें. लोक जमले आणि कोणी म्हणालें, "तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या धर्मादायाकडे घेऊन जा." त्या नगरांत फुटलेल्या भांड्यांची भरपाई करण्यासाठीं एक स्वतंत्र धर्मादाय होता. तेथें तुकडे दाखवितांच पोराला तसेंच दुसरें ताट घेण्यापुरते पैसे मिळाले. मार कोणीं खाल्ला नाहीं.

हाच इब्न बतूता पुढें हिंदुस्थानांत आला. इ. स. १३४२ नंतरच्या प्रवासांत तो आपल्या दौलताबादेस व नंदुरबारास आला. मराठ्यांचें जेवण भात, भाजीपाला आणि तिळाचें तेल असें असतें, हें त्यानें नोंदविलें आहे. तेथून तो मलबारांत उतरला. तेथें त्यानें पाहिलें कीं, परधर्मी माणूस एखाद्या हिंदूच्या भांड्यांत जेवला, तर तें भांडें फोडून टाकतात किंवा त्यालाच देऊन टाकतात.

एका गांवीं भांडें चुकून फुटलें, तर तें भरून देण्याची तजवीज होती. दुसऱ्या गांवीं धड भांडें मुद्दाम फोडीत. दमास्कसचा समाज निर्दोष होता, असें मला सुचवावयाचें नाहीं. तें पोर गुलाम होतें, हें विसरतां कामा नये. तरीहि माझ्या मनांत हीं दोन भांडीं जवळजवळ ठेवलेलीं आहेत. तीं तेथून हलत नाहींत.

शाम देशाचें हें जेवण जगभर गेलें, त्यामागें मात्र सुबत्ता नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉनच्या डोंगरांतील लोक पोटासाठीं अमेरिका खंडांकडे निघाले. पहिल्या महायुद्धांत समुद्रावर दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी, जमिनीवर तुर्की लष्कराची धान्यवसुली, आणि १९१५ सालीं टोळधाड. यांमुळें १९१५ ते १९१८ या काळांत त्या डोंगरांतील सुमारें तृतीयांश लोक उपासमारीनें व रोगराईनें मेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आज ज्यांच्या मेजावर वीस-वीस लहान थाळ्या मांडण्याची प्रौढी मिरविली जाते, त्यांच्या पणजोबांची ही गोष्ट आहे.

देशांतर केलेल्यांनीं आपली पाककला बरोबर नेली. एकोणिसाव्या शतकांत तुर्कस्तानांत उभ्या सळईवर मांस फिरवीत भाजण्याची पद्धत निघाली. शामांत तिला शावर्मा म्हणूं लागले. तो शब्दहि 'फिरविणें' या तुर्की शब्दावरून आलेला. पश्चिम आशियांतून गेलेल्या लोकांनीं ती मेक्सिकोंतील पुएब्ला शहरीं नेली आणि १९३० च्या सुमारास ती तेथील मक्याच्या मुलखांत रुजली. १९७५ ते १९९० पर्यंत लेबनॉनमध्यें यादवी चालली, तेव्हां लंडन-पॅरिसमध्यें लेबनॉनी उपाहारगृहें वाढलीं. २०११ पासून सीरियांत युद्ध पेटलें, आणि निर्वासितांनीं बर्लिन, इस्तंबूल व कैरो येथें दुकानें मांडलीं. फ्रेस्कोबाल्दीनें जेथें हंडे पाहिले, त्याच कैरोंत आज सीरियन आचारी शावर्मा भाजून घरोघर पाठवितात.

आपण मुंबईकर-पुणेकरांनीं याच्या उलट वाट धरली होती. मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डबेवाल्यांचा धंदा सुरू झाला, तो घरचें अन्न बाहेर पोंचविण्यासाठीं. घरच्या हातावरचा विश्वास ही त्यामागील चांगली बाजू. परक्या हाताचा विटाळ ही दुसरी. पहिली ठेवण्यासारखी आहे.

आतां आपल्याकडेहि मुहतसिब आहे. २००६ सालीं अन्नाच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि त्याप्रमाणें मिळणारा चौदा आंकडी परवाना-क्रमांक उपाहारगृहांना दाखवावा लागतो. घरोघर डबे मागविणाऱ्यांपैकीं तो वाचणारे किती? शैझरीची मोहर देखरेखीखालीं फोडीत. आपला क्रमांक बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि आपण चित्रें पाहून पदार्थ निवडतों. आजीच्या प्रश्नाचा चुकीचा अर्थ सोडतांना प्रश्नच सोडून दिला, तर तें शहाणपण नव्हे.

म्हणून त्या रविवारनंतर मी नातीबरोबर पुन्हां त्या उपाहारगृहांत गेलों आणि मालकास विचारलें, "हें कोणीं शिजविलें?" त्यानें आंतून एका तरुणास बोलाविलें. तो बीड जिल्ह्यांतला होता. हुम्मुस मुंबईंत एका आचाऱ्याच्या हाताखालीं शिकला होता. आईला हरभरे वाटून त्यांत तीळ घालतात हें सांगितलें, तर ती हंसली, असें तो म्हणाला. मी त्याचें आडनांव विचारलें नाहीं. हात मात्र पाहिले. ते स्वच्छ होते.