अजिंठ्याचीं चित्रें आणि कवीची दृष्टि

चित्रापुढें किंवा मूर्तीपुढें उभें राहून काव्य रचावें, ही रीत पाश्चात्त्यांकडून आपणांकडे आली, असा पुष्कळांचा समज असतो. त्याला कारणहि आहे. इंग्रज कवि कीट्स यानें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील ग्रीक शिल्पें मनसोक्त पाहिलीं आणि १८१९ सालीं ग्रीक कलशावरील आपलें विख्यात गीत लिहिलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघूर नदीच्या कांठीं शिकारीस गेला असतां त्याला अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं.

या लेण्यांतच वरील समजाचें उत्तर कोरलेलें आहे. सोळाव्या लेण्यांत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा पांचव्या शतकांतील संस्कृत शिलालेख आहे. तो पद्यमय आहे. राजवंशाचें वर्णन झाल्यावर कवि त्या विहाराकडेच वळतो आणि तेथील खिडक्या, दारें, चित्रशोभा, अप्सरांच्या मूर्ति व सुंदर स्तंभ यांचा गौरव करतो. कीट्सच्या तेराशेंहून अधिक वर्षें आधीं मराठवाड्यांत कलाकृतीवरील काव्य कलाकृतीच्याच भिंतीवर लिहिलें गेलें होतें.

पुढील कथा करुण आहे. १८४४ सालीं मद्रासच्या लष्करांतील रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली. त्यानें वर्षानुवर्षें खपून मोठमोठ्या तैलचित्रांत त्या उतरविल्या. लंडनजवळ सिडनहॅम येथें क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मधील आगींत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. १८७२ पासून ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं पुन्हां नकला केल्या. त्यांतीलहि पुष्कळ लंडनच्या संग्रहालयांत १८८५ सालीं जळाल्या.

त्या श्रमांचें काय उरलें? अजिंठा गांवीं गिलच्या प्रिय पारोचें थडगें आहे. त्यावर १८५६ हें मृत्यूचें वर्ष आहे. तिच्याविषयीं इतिहास याहून फारसें बोलत नाहीं. जेथें इतिहास थांबला, तेथून ना. धों. महानोर पुढें गेले. पळसखेड्याच्या या शेतकरी कवीनें १९८४ सालीं ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य प्रसिद्ध केलें. त्यांत चित्रांइतकाच चित्रांपुढें बसलेला माणूस आणि त्याची पारो यांना स्थान आहे.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. वराहदेवाचा कवि चित्रशोभा होती असें सांगतो. कोणत्या भिंतीवर कोणता प्रसंग होता, तें सांगत नाहीं. गिलच्या जळालेल्या नकलांतील रंग महानोरांच्या काव्यांतून परत मिळावयाचे नाहींत. वस्तु जपावी संग्रहालयानें. पाहणाऱ्याच्या मनांत काय उमटलें, तें जपावें कवीनें. एकाचें काम दुसऱ्याला साधत नाहीं.

आतां आपल्या भागाकडे वळूं. जळकोटच्या तरुण कवींना यासाठीं लंडनला जावयास नको. औसा तालुक्यांत खरोशाचीं लेणीं आहेत, तेर येथें संग्रहालय आहे. खरोशाचा दगड जांभा. ऊनपावसानें तो झिजतो आणि त्यावरील रामायण-महाभारतांतील आकृति पुसट होत जातात. त्यांच्यापुढें शांतपणें उभे राहा. प्रथम जें दिसतें तें नीट टिपून ठेवा, कारण पुढील पिढीला तें कदाचित् दिसणार नाहीं. आणि मग मनांत जें उठेल, त्याची कविता करा.