विमान
विमान (न.) : हवेतून माणसे व माल वाहून नेणारे यांत्रिक वाहन, पुराणकथांत देवांचे आकाशगामी वाहन, मंदिरवास्तूत, विशेषतः द्राविड शैलीत, गाभाऱ्यावरचे शिखर. शब्द मूळचा संस्कृत. तिथे तो पुल्लिंगी व नपुंसकलिंगी असा दोन्ही चालतो. मराठीत केवळ नपुंसकलिंगी.

‘वि’ हा उपसर्ग आणि ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू, यांतून शब्द घडला. उडण्याचा किंवा वाऱ्याचा अर्थ त्याच्या घडणीत कुठेच नाही. ऋग्वेदातील हिरण्यगर्भ सूक्तात (10.121) तो अंतराळ मोजणाऱ्या देवतेसाठी आला आहे. चरकसंहितेचे तिसरे स्थान ‘विमानस्थान’ होय. रस, दोष, औषधे यांचे प्रमाण कसे जाणावे, याचा विचार त्यात आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला हा जुना अर्थ आजही भेटतो.

मोजूनमापून उभारलेला तो प्रासाद, असा अर्थ पुढे रूढ झाला. पालीतील ‘विमानवत्थु’ या ग्रंथात देवलोकातल्या अशाच प्रासादांच्या कथा आहेत. तंजावरच्या बृहदीश्वराचे आणि वेरूळच्या कैलास लेण्याचे विमान याच अर्थाचे. प्रासाद आणि वाहन यांची गाठ कुठे पडली, ते रामायणातल्या पुष्पकात स्पष्ट दिसते. सुंदरकांडात त्याचे वर्णन आहे ते सोन्याचे जिने, खिडक्या आणि रत्नजडित काम असलेल्या महालाचे. हा महाल मनाच्या इच्छेप्रमाणे आकाशातून जातो. विश्वकर्म्याने तो ब्रह्मदेवासाठी घडवला, पुढे कुबेराला मिळाला, रावणाने हिसकावला आणि रामाने अयोध्येला पोचल्यावर कुबेराकडे परत धाडला. अमरकोशाने ‘व्योमयान’ हा प्रतिशब्द दिला आहे, म्हणजे तोवर उडण्याचा अर्थ पक्का झाला होता.

मराठी मनात हा शब्द रुजला तो तुकोबा विमानातून सदेह वैकुंठाला गेले या श्रद्धेमुळे. ‘प्रभात’च्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने ते विमान पडद्यावर दाखवले. यंत्रयुगातले वाहन आले तेव्हा नाव शोधावे लागले नाही. वैमानिक, विमानतळ, विमानवाहू नौका हे शब्द त्यातूनच आले. ‘त्याचे विमान हवेत आहे’ हा बोलीतला प्रयोगही अलीकडचाच. तमिळमध्ये मंदिराचे शिखर आणि उडते यंत्र या दोहोंना आजही हाच शब्द चालतो; बांगलादेशच्या राष्ट्रीय विमानसेवेचे नाव ‘बिमान’ आहे.

‘वि म्हणजे पक्षी, त्याच्यासारखे ते विमान’ अशी एक व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. संस्कृतात ‘वि’चा पक्षी हा अर्थ खरोखर आहे, त्यामुळे ती पटते. तिचा आधार म्हणून ‘वैमानिकशास्त्र’ दाखवले जाते. पण हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगून लिहवलेला आहे. त्यातली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये काढला. ऋग्वेद आणि चरक यांच्यातला मापनाचा अर्थ समोर असताना पक्ष्याची व्युत्पत्ती ग्राह्य धरता येत नाही.