अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या इतिहासाचा अभ्यास व अध्यापन

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसृत केला. आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंचे सिद्धांत, त्यांचा इतिहास व त्यांचे आध्यात्मिक जीवन यांचा कॅथलिकांनी सत्यनिष्ठेने आणि सद्भावनेने अभ्यास करावा, असे त्या आदेशाच्या नवव्या परिच्छेदात सांगितले आहे. त्याच भावनेने आम्ही येथे सेवन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा विचार करीत आहोत. हा पंथ महाराष्ट्राला नवा नाही. १९१५ मध्ये कोइम्बतूर येथे सुरू झालेली त्यांची स्पायसर ही शिक्षणसंस्था १९४२ पासून पुण्यात आहे. तरीही ‘शनिवारी शब्बाथ पाळणारे लोक’ यापलीकडे आपल्याला त्यांच्याविषयी फारशी माहिती नसते. हा पंथ स्वतःचा इतिहास कसा लिहितो व शिकवितो, एवढ्याच विषयापुरता हा लेख मर्यादित आहे. श्रद्धावंत समाजाने आपल्या भूतकाळाकडे किती प्रामाणिकपणे पाहावे, हा प्रश्न त्यांच्याइतकाच आपलाही आहे.

उगम

विल्यम मिलर (१७८२-१८४९) हे न्यूयॉर्क राज्यातील बाप्टिस्ट शेतकरी होते. दानीएलच्या पुस्तकातील २३०० दिवसांच्या उल्लेखावरून ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल, असे गणित त्यांनी मांडले. पुढे त्यांच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित झाली. तो दिवस उजाडला आणि मावळला, परंतु अपेक्षित घटना घडली नाही. या प्रसंगाला इतिहासात ‘महान निराशा’ म्हणतात. विखुरलेल्या अनुयायांपैकी एका गटाला जोसेफ बेट्स, जेम्स व्हाइट आणि त्यांच्या पत्नी एलेन व्हाइट (१८२७-१९१५) यांनी एकत्र आणले. मे १८६३ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे पंथाची रीतसर स्थापना झाली. एलेन व्हाइट यांना झालेले दृष्टान्त हे भविष्यवादाचे दान आहे, अशी या पंथाची श्रद्धा आहे. आज पंथाची सभासदसंख्या दोन कोटींहून अधिक आहे.

साक्षीदारांचे लेखन

पंथाचा पहिला मोठा इतिहास जे. एन. लफबरो यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. ते स्वतः चळवळीतील आरंभीचे प्रचारक होते. जे पाहिले व ऐकले ते त्यांनी देवाच्या मार्गदर्शनाची साक्ष म्हणून लिहिले. अशा लेखनाचे मोल मोठे असले, तरी त्यात चिकित्सेला फारसा वाव नसतो. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल यांनी ‘द मिडनाइट क्राय’ हा ग्रंथ लिहिला. मिलर यांचे अनुयायी शुभ्र झगे घालून स्वर्गारोहणाची वाट पाहत बसले होते, ही कथा तोपर्यंत सर्वत्र सांगितली जात असे. निकोल यांनी मूळ कागदपत्रे तपासून तिचा फोलपणा दाखवून दिला. स्वपक्षाच्या बचावासाठी केलेला अभ्यासही कागदपत्रांवर आधारलेला असेल, तर सत्याची सेवा करतो.

पंचावन्न वर्षे पडून राहिलेली चर्चा

१९१९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळील टाकोमा पार्क येथे पंथाच्या बायबल व इतिहास शिक्षकांची परिषद भरली. एलेन व्हाइट यांच्या ग्रंथांतील ऐतिहासिक तपशील आणि इतिहासाची साधने यांचा मेळ बसत नसेल, तर विद्यार्थ्यांना काय सांगावे, हा शिक्षकांपुढील पेच होता. एलेन व्हाइट यांनी इतिहासतज्ज्ञ असल्याचा दावा कधीच केला नव्हता, असे पंथाचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर डॅनियल्स यांनी तेथे सांगितले. ही मोकळी चर्चा मात्र त्या सभागृहापुरतीच राहिली. तिचा शब्दशः वृत्तांत १९७४ मध्ये पंथाच्या अभिलेखागारात सापडला व १९७९ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ या नियतकालिकात छापला गेला. मधल्या काळातील शिक्षकांना आपल्या पूर्वसूरींनी हाच प्रश्न विचारला होता, याची कल्पनाही नव्हती.

संशोधनाचे नवे पर्व

१९७६ मध्ये रोनाल्ड नंबर्स यांचा ‘प्रॉफेटेस ऑफ हेल्थ’ हा ग्रंथ आला. एलेन व्हाइट यांच्या आरोग्यविषयक शिकवणीचे धागे त्यांनी समकालीन आरोग्यसुधारकांच्या लेखनात शोधले. ग्रंथावर मोठा वाद झाला आणि एलेन व्हाइट यांच्या साहित्याची जपणूक करणाऱ्या न्यासाने त्यास सविस्तर उत्तर दिले. पुढे पंथानेच फ्रेड वेल्टमन यांच्याकडे ‘द डिझायर ऑफ एजेस’ या ग्रंथाच्या आधारसाधनांचा अभ्यास सोपविला. त्यातील पंधरा प्रकरणांच्या तपासणीत अन्य लेखकांच्या लेखनाचा वापर आढळला. तो अहवाल १९८८ मध्ये पूर्ण झाला.

याच काळात अध्यापनही बदलले. महाविद्यालयांसाठी रिचर्ड श्वार्ट्झ यांचे पाठ्यपुस्तक १९७९ मध्ये निघाले. मिशिगनमधील अँड्र्यूज विद्यापीठात जॉर्ज नाइट यांनी पंथाचा इतिहास शिकविला. २०१४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने एलेन व्हाइट यांच्यावरील लेखसंग्रह काढला. त्यात पंथातील व पंथाबाहेरील अभ्यासकांनी एकत्र लिहिले आहे. २०२० मध्ये पंथाचा ज्ञानकोश इंटरनेटवर सर्वांना खुला झाला.

रोममधील प्रबंध

आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे नाव सॅम्युएल बाक्किओक्की यांचे होय. रोममध्ये वाढलेल्या या अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्वानाने येशूसंघीयांच्या ग्रेगोरियन विद्यापीठात रविवारच्या उगमावर प्रबंध लिहिला. १९७७ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रविवार पाळण्याची प्रथा दुसऱ्या शतकात रोममध्ये रुजली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो आपल्याला मान्य नाही. रविवारचे मूळ प्रभूच्या पुनरुत्थानात आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या ‘दिएस दोमिनी’ या प्रेषितीय पत्रात विशद केले आहे. तथापि, चौथ्या शतकातील सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळावर भर देणारे आपल्याच पंथातील प्रचलित स्पष्टीकरणही बाक्किओक्की यांना साधनांमुळे बदलावे लागले. मतभेद असूनही एकाच ग्रंथालयात बसून साधने वाचता येतात, याचे हे उदाहरण आहे.

आपल्यासाठी बोध

एलेन व्हाइट यांच्या लेखनात रोमच्या ख्रिस्तसभेवर कठोर टीका आहे. ती वाचून आपले मन दुखावते. परंतु टीकेला उत्तर म्हणून ऐकीव गोष्टी पसरविणे आपणास शोभणार नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ मध्ये व्हॅटिकनचे अभिलेखागार अभ्यासकांना खुले केले. इतिहासकाराने असत्य बोलू नये आणि सत्य सांगण्यास कचरू नये, असे त्यांनी १८८३ च्या पत्रात बजावले. ऐक्याच्या आदेशाला बरोबर साठ वर्षे झाली त्या दिवशी, २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या अभ्यासाविषयी पत्र लिहिले. ख्रिस्तसभा जशी आहे तशी, तिच्या डागांसह जाणून घेऊन तिच्यावर प्रेम करावे, असे त्यात आवाहन आहे.

१९१९ च्या त्या शिक्षकांचा पेच आपल्या धर्मशिक्षण वर्गांतही उद्भवतो. मुले धर्मयुद्धांविषयी विचारतात, गॅलिलिओविषयी विचारतात. त्या वेळी विषय टाळला, तर उत्तर ती अन्यत्र शोधतात. श्रद्धेला जपण्यासाठी इतिहास झाकावा लागत नाही. तो प्रेमाने व पुराव्यानिशी शिकवावा लागतो. आपले धर्मशिक्षक व पालक यांनी हे ध्यानात घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.